नेगोटिन : गाव पायी बघा, रायात्सचं भाडं आधी ठरवा

सर्बियाच्या पूर्व टोकाला, बल्गेरिया आणि रोमानियाच्या सीमेजवळ नेगोटिन आहे. मला ते 'वाईनचं गाव' म्हणून सांगितलं होतं, म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी गाव न बघता मी टॅक्सीने रायात्स या गावच्या वाईनच्या तळघरांकडे निघाले. तिथेच फसले.

टॅक्सीवाल्याने जाऊन-येऊन 50 युरो सांगितले. वीसेक किलोमीटरसाठी! आदल्या रात्रीच्या बसने इतकी दमले होते की हुज्जत घातली नाही. रायात्सच्या चौकात त्याने उतरवलं. वर रस्ता खराब आहे, चालत जा, म्हणाला. जुलैचं ऊन, सावली नाही, सगळी चढण. वर पोचले तर तळघरांसमोर दोन मोटारी उभ्या! ही तळघरं म्हणजे जाड दगडी भिंतींची, अर्धी जमिनीत गेलेली घरं. पूर्वी तिथे कायम कुणी राहत नसे, द्राक्षांच्या तोडणीला गावकरी वर येत. पाहण्याजोगी आहेत, पण मी गेले तो मंगळवार, एक दार सोडून बाकी सगळ्यांना कुलुपं. संध्याकाळी लॉजवरच्या काकूंनी सांगितलं, टॅक्सीला याच्या निम्मेच पैसे द्यायचे असतात. तेव्हा शनिवार-रविवारी जा, भाडं दिनारमध्ये (सर्बियाचं चलन) ठरवा, आणि 'तळघरांच्या दारापर्यंत' हे शब्द आधी वदवून घ्या. दोन बाटल्या पाणी घेतल्याशिवाय चढू नका.

खरं नेगोटिन गावातच आहे, तेही फुकट किंवा नाममात्र तिकिटात. संगीतकार स्तेवान मोक्रान्यात्स 1856 साली इथे जन्मला, त्याचं घर आता संग्रहालय आहे. लोकगीतं एकत्र गुंफून त्याने कोरससाठी 15 'रुकोवेती' रचल्या, 1899 मध्ये बेलग्रेडला संगीत शाळा काढली. खिशातल्या 50 दिनारच्या नोटेवर त्याचाच चेहरा आहे. आडनाव आलं ते जवळच्या मोक्रान्ये गावावरून. सर्बियात विजेचे दिवे आणणारा जॉर्जे स्तानोयेविचही इथलाच (1858). शास्त्रज्ञ निकोला टेस्लाच्या पद्धतीने उझित्से शहरात जेतिन्या नदीवर 1900 साली त्याने जलविद्युत केंद्र उभारलं. एवढ्याशा गावातून दोन वर्षांच्या अंतराने हे दोघे!

माझ्या मनात मात्र उस्मानी सत्तेविरुद्ध लढलेला बंडखोर हायदुक वेल्को राहिला. 'डोकं देईन, क्रायिना देणार नाही' हे वाक्य त्याच्या तोंडी सांगतात. क्रायिना म्हणजे सीमाप्रदेश. 1813 मध्ये उस्मानी वेढ्यात तोफेच्या गोळ्याने तो इथेच पडला. हा मुलूख सर्बियाला मिळाला तो 1833 मध्ये. गावातल्या जुन्या चर्चला घाईत जाऊ नका, तासभर ठेवा.

व्हिसाबद्दल: 1 जानेवारी 2023 पासून भारतीय पासपोर्टला व्हिसामुक्त प्रवेश बंद आहे. चालू शेंगेन व्हिसावर आत येता येतं, पण तो एकाच प्रवेशाचा असेल आणि शेंगेन देशांत (बल्गेरियाही त्यातच) शिरताना आधीच वापरला असेल, तर पुढे बल्गेरियात शिरता येणार नाही.

वेल्कोची बायको चुचुक स्ताना पुरुषी वेशात लढायची. पुढे तिने ग्रीक क्रांतिकारकाशी लग्न केलं आणि 1849 मध्ये अथेन्समध्ये वारली. जवळचं सिकोले हे तिचं गाव. तिथे जायला पैसेही उरले नाहीत आणि पायही. त्या 50 युरोंतले निम्मे वाचले असते तर मी तिकडेच गेले असते. तुम्ही आधी तिथे जा.