रेती आणि पुळण

आमच्या वंशावळीत पहिल्या नावापुढे आजोबांच्या अक्षरात लिहिलंय, 'मूळ गाव भंडारपुळे'. बडोद्याच्या दांडिया बाजारात चार पिढ्या गेल्या, मूळ गावी कोणी फिरकलं नाही. नावावर मतं मात्र प्रत्येकाची. काका म्हणायचे, भंडार म्हणजे पुरलेला खजिना, आणि तो चुलत घराण्यानं ढापला. शाळेतल्या गुजराती मैत्रिणींना 'पुळे' ऐकून गवताचा पूळो आठवायचा. मला, खरं सांगते, गालावरची पुळी.

यंदा गेले. रत्नागिरीहून आरे-वारे, नेवरे करत निघालं की गणपतीपुळ्याच्या जरा अलीकडे हे गाव. समुद्राकडे कुठून जायचं, म्हणून एका आजोबांना विचारलं. अडकित्ता न थांबवता ते म्हणाले, "ही पाखाडी उतरलात की पुळण."

पुळण! वाळूचा किनारा. त्यावरून पुळे. एवढा मोठा देव, पण गावाला नाव पडलं पायाखालच्या वाळूवरून. तसं आमचं बडोदंही वटोदर, म्हणजे वडाचं पोट. १९७४ साली कागदोपत्री 'वडोदरा' झालं तरी आत्याच्या तोंडी बडोदंच.

पणजोबांनी हा शब्द बरोबर आणला असणारच. पण बडोद्याला जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा. लहानपणी कावी-कंबोईला नेलं होतं. भरतीत बुडणारा स्तंभेश्वर महादेव, दुधाळ चहासारखं पाणी आणि ओहोटीला लांबच लांब चिखल. तिथं पुळण कशाला म्हणणार? आम्हाला ठाऊक ती बांधकामापुढे ढीग पडतो ती रेती. जिभेवरून शब्द गेला, गावाच्या नावात तेवढा अडकून राहिला.

खाली उतरले. ओल्या वाळूवर पाय दाबला की भोवतालची वाळू क्षणभर कोरडी, फिकी दिसे, उचलला की पुन्हा काळपट. बारक्या खेकड्यांनी बिळांभोवती मोहरीएवढ्या गोळ्या वळून ठेवल्या होत्या. पाऊल टाकायला जागा शोधावी लागत होती. खजिना वगैरे काही दिसला नाही. काकांना तसं कळवलं.

घरी येऊन पिशवी झटकली तर आत्या ओरडली, "अगं, किती रेती आणलीस!"

"आत्या, पुळण म्हण."

"पुळण तिकडेच राहिली. घरात आली ती रेती. झाडू घे."