बुद्धिबळ, रॅपिड १५+१०: अमळनेरहून हालहवाल

आकडा आधी सांगून टाकतो, कारण सगळे आधी तोच शोधतात. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साईटवर माझं रेटिंग रॅपिडमध्ये (जरा लांब वेळेचे डाव) १६८० च्या आसपास, ब्लिट्झमध्ये (झटपट डाव) अजून १५०० च्या खाली. नवीन खातं तिथे १५०० वरच सुरू होतं, तेव्हा पेढे वाटण्यासारखं काही नाही.

फरक पडला तो घड्याळामुळे. उन्हाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. राऊटर बंद, मोबाईलचं नेट चालू करून डावात परत येईपर्यंत ३+० चा, म्हणजे प्रत्येकी तीनच मिनिटांचा, खेळ खल्लास. शेवटी वैतागून १५+१० धरलं: प्रत्येकी पंधरा मिनिटं, वर दर चालीला दहा सेकंद. ते जादा सेकंद मिळायला लागल्यावर डाव लांबले, आणि पटावर हत्ती नि तीन-चार प्यादी उरली की समोरच्यालाही काही सुचत नसतं, हे दिसलं. ब्लिट्झमध्ये तिथवर जायच्या आत कुणाचा तरी वेळ संपलेला असतो.

त्यामुळे खेळ आता चिवट झालाय. पूर्वी वजीर घेऊन थेट स्वारीवर निघायचो. धुळ्याचा भाचा डाव बघत असला की लगेच मेसेज, “मामा, वजीर इतला लवकर कसाले काढस?” आता तो म्हणतो, बघताना झोप येते. येऊ दे!

पांढऱ्यांकडून लंडन ही ठरलेली सुरुवात, त्यावर वेगळं लिहिण्यासारखं काही नाही. काळ्यांकडून कारो-कान, तीही सुरुवातच. ई४ ला सी६ (ही पटावरच्या घरांची नावं), मग डी४-डी५, आणि समोरच्याने ई५ केलं की उंट एफ५ वर. इथे एक सापळा आहे, त्यात बरेच जण सापडतात: ४.एच४ आल्यावर सवयीने ई६ ढकलू नका. जी४ येतं, उंट ई४ वर जातो, एफ३ आलं की जी६ वर परततो, आणि एच५ झालं की त्याला घरच उरत नाही. आधी स्वतःचं एच५ करून मोकळं व्हायचं.

सगळ्यात जास्त अर्धे गुण, म्हणजे बरोबरी, दिले ते फिलिडोरने; हत्ती-प्याद्याच्या शेवटात डाव वाचवायची ही रीत. समोरच्याकडे हत्ती आणि ई५ वर प्यादं, माझा राजा ई८ वर, हत्ती सहाव्या ओळीत आडवा. त्याच्या राजाला पुढे यायला जागाच नाही. प्यादं ई६ वर सरकलं रे सरकलं की माझा हत्ती थेट पहिल्या ओळीत, आणि मागून शह देत सुटायचं. राजाला लपायला आता ते प्यादंही पुढे उरलेलं नसतं. प्यादं सरकायच्या आधी मात्र हत्ती सहावी ओळ सोडत नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) कंटाळवाणं म्हणणाऱ्यांनी सिंगापूरच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा १४ वा डाव काढून बघावा, १२ डिसेंबर २०२४. डिंग लिरेनने ५५ व्या चालीला हत्ती एफ२ वर आणला, गुकेशने आधी हत्ती आणि मग उंट बदलून घेतले, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांत सगळं संपलं. जगज्जेतेपद तिथे ठरलं.

पुढचं काम लुसेना, हत्ती-प्याद्याच्या शेवटात जिंकायची स्थिती. त्यात पूल बांधायची, म्हणजे आपला हत्ती आडवा आणून शह अडवायची, रीत वाचून पाठ आहे, पण घड्याळ चालू असताना हत्ती चौथ्या ओळीत आणायचा की पाचव्या, यात अजून गोंधळ होतो. ते पक्कं होईस्तोवर ब्लिट्झ बंद.