आधी गणिताची साखळी, मग बाकीचे विषय

कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजातून, विद्यापीठात ट्रान्स्फर घेऊ पाहणाऱ्याला कोणते विषय घ्यावेत हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते कोणत्या सत्रात घ्यावेत हे मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळा घोळ तिथेच होतो. महाराष्ट्रात पॉलिटेक्निकची पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडत नाही, कारण विषयांचा क्रम मंडळाने आधीच लावून दिलेला असतो. इथे तो आपला आपण लावायचा असतो. बारावी विज्ञान करून, लग्नानंतर इकडे येऊन, बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या वाटेला लागलेल्या मला तो लावताना जे करावे लागले, ते इथे लिहीत आहे. त्यातल्या एका कार्यालयाचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे वाचकांच्या लक्षात येईलच.

हिशोब शेवटाकडून सुरू करावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे यूसीमध्ये, फॉलला, म्हणजे उन्हाळ्यानंतर सुरू होणाऱ्या सत्राला, तिसऱ्या वर्षात प्रवेश हवा असेल तर त्याआधीच्या स्प्रिंगअखेर (उन्हाळ्याआधी संपणाऱ्या सत्राअखेर) ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट), किंवा वर्षाची तीन छोटी सत्रे करणाऱ्या क्वार्टर पद्धतीत ९०, पूर्ण असावी लागतात. अर्ज मात्र त्याच्याही आधी, नोव्हेंबरच्या अखेरीस जातो, त्यामुळे शेवटच्या स्प्रिंगचे विषय अर्जात केवळ ‘नियोजित’ म्हणून दिसतात. मधला एखादा विषय त्या स्प्रिंगनंतरच्या समरमध्ये (छोट्या उन्हाळी सत्रात) संपवीन, हे उत्तर मुख्य शाखेच्या पूर्वअटींच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी चालत नाही. म्हणजे हाताशी नियमित सत्रे उरतात चारच.

आता मेकॅनिकलची साखळी पाहा. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय कॅल्क्युलस दोन नाही; दोन झाल्याशिवाय बहुचल कॅल्क्युलस आणि डिफरेन्शियल इक्वेशन्स नाहीत. भौतिकशास्त्राचा यांत्रिकीचा भाग कॅल्क्युलस एकवर टेकलेला, विद्युतचुंबकत्वाचा भाग यांत्रिकी आणि कॅल्क्युलस दोन या दोहोंवर, आणि स्टॅटिक्स (स्थिर वस्तूंवरील बलांचा अभ्यास) पुन्हा यांत्रिकीवर. पहिल्याच फॉलला कॅल्क्युलस एक घेतले तर ही साखळी चार सत्रांत जेमतेम बसते. माझी गणिताची नाळ तुटून वर्षे लोटली होती, म्हणून मी प्रीकॅल्क्युलसपासून सुरुवात केली आणि तिथेच एक सत्र मागे पडले. (२०२२च्या एबी १७०५ कायद्यामुळे आता अशा शाखांच्या विद्यार्थ्यांना थेट कॅल्क्युलसमध्येच बसवण्याकडे कल आहे. मला ते धाडस झाले नसते, पण सत्र वाचले असते हे खरे.)

काउन्सेलरने पहिल्या वर्षी इंग्रजी, इतिहास, कला असे सामान्य शिक्षणाचे विषय उरकून घ्यायला सुचवले होते. इंग्रजी लेखनाचे दोन विषय लवकर संपवावेत हे मलाही मान्य आहे, कारण ते सर्वांनाच लागतात. पण इतिहास कोणत्याही सत्रात मिळतो, त्याच्या पाठीमागे कोणताही विषय खोळंबलेला नसतो. तासिका ठरवताना मी आधी गणित आणि भौतिकशास्त्र वहीत लिहीत असे आणि उरलेल्या जागेत बाकीचे बसवत असे. कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठाच्या कुठल्या कॅम्पसला कशाच्या बदली चालतो हे असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर कॉलेज आणि शाखा निवडून पाहता येते. त्याचे पान दर शैक्षणिक वर्षी नव्याने काढून जपून ठेवावे.

मागे पडलेले सत्र भरून काढायचे तर पहिल्या वर्षानंतरच्या समरमध्ये कॅल्क्युलस दोन घेणे भाग होते. आमच्या कॉलेजात त्या उन्हाळ्यात त्याचा वर्गच ठेवलेला नव्हता, म्हणून शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या कॉलेजात नाव नोंदवायला गेले आणि अडकले. दुसऱ्या कॉलेजच्या संगणकाला माझे कॅल्क्युलस एक दिसत नाही, म्हणून नोंदणी करताना पूर्वअट अपूर्ण असल्याचा लाल शेरा येतो. तो काढण्यासाठी ‘प्रीरेक्विझिट क्लिअरन्स’चा, म्हणजे पूर्वअट पूर्ण असल्याच्या मंजुरीचा, अर्ज भरावा लागतो. समरची नोंदणी वसंत ऋतूतच उघडते आणि गणिताच्या जागा भराभर संपतात. माझे कॅल्क्युलस एक मात्र मे अखेरपर्यंत चालणार होते आणि गुण त्याहून उशिरा लागणार होते.

अर्जासोबत मी चालू सत्राच्या नोंदणीचा पुरावा जोडला. उत्तर आले की अंतिम श्रेणी असलेली अधिकृत गुणपत्रिका हवी. श्रेणी अजून लागलेलीच नाही, असे मी कळवले; उत्तर तेच, शब्दही तेच, फक्त खाली सही दुसऱ्याची. प्रत्येक उत्तराला तीन ते पाच कामकाजाचे दिवस लागतील असे ठळक अक्षरांत लिहिलेले असे, आणि तेवढी एक गोष्ट ते काटेकोरपणे पाळत. दरम्यान पडद्यावर रिकाम्या जागांचा आकडा रोज खाली येत होता. अखेर त्याच कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये, चालू असलेला विषय पूर्ण होण्याच्या अटीवर तात्पुरती मंजुरी देता येते असे वाक्य मला सापडले. ते मी पृष्ठक्रमांकासह पाठवले, तेव्हा पहिली हरकत निमूटपणे गळून पडली आणि दुसरी उभी राहिली: आमच्या विषयाचा क्रमांक त्यांच्या क्रमांकाशी जुळत नाही.

क्रमांक जुळणार कसा? प्रत्येक कॉलेज आपापले क्रमांक देत आले आहे. समान क्रमांकांची योजना राज्याने आता सुरू केली असली तरी पहिल्या टप्प्यात इंग्रजी, संख्याशास्त्र, मानसशास्त्र अशाच विषयांची पाळी आली. कॅल्क्युलससाठी मला उपयोगी पडला तो सी-आयडी, म्हणजे सगळ्या कॉलेजांतला समकक्ष विषय ओळखण्यासाठी दिलेला सामाईक संकेतांक. दोन्ही कॅटलॉगमधला तो संकेतांक, विषयाची रूपरेषा आणि प्राध्यापकांचा सिलॅबस असे एकत्र करून मी कार्यालयाऐवजी थेट गणित विभागाच्या प्रमुखांना पाठवले. त्यांनी ‘समकक्ष आहे’ अशी एका ओळीची नोंद केली. ज्याला गणित कळते त्याला हे ठरवायला एवढाच वेळ लागतो, याचा तेव्हा आनंदापेक्षा संतापच अधिक झाला.

तोवर वर्ग भरला होता, म्हणून प्रतीक्षा यादीत नाव घातले. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बसले. काही जण आलेच नाहीत आणि प्राध्यापकांनी मला ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव नोंदवण्याच्या परवानगीचा क्रमांक, दिला. कार्यालयाची मंजुरी मात्र अजून संगणकात चढलेली नव्हती, आणि पूर्वअटीचा शेरा असेपर्यंत हा कोड चालत नाही, हे मला कोड टाकल्यावरच कळले. विभागप्रमुखांची नोंद छापून खिडकीशी उभी राहिले आणि शेरा निघेपर्यंत हलले नाही. ॲड करण्याच्या मुदतीआधी नाव लागले. ही मंजुरी नोंदणीची तारीख येण्याच्या कितीतरी आधी मागावी. वर्गात जागा मिळाल्यावर मागू म्हणणाऱ्याची जागा जाते.

त्यानंतरची दोन सत्रे अभ्यासाची होती, लढाईची नव्हती. त्यांविषयी सांगण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. समरसाठी कॉलेज शोधताना क्वार्टर पद्धतीची कॉलेजे मी वगळली होती. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टरवर चालतात आणि तिथे कॅल्क्युलसची मालिका चार तुकड्यांत विभागलेली असते, सेमिस्टरवाल्यांकडे ती तीन तुकड्यांत असते. मधेच रूळ बदलला तर काही प्रकरणे दोनदा येतात, काही गळतात, आणि मालिका अर्धी इथली अर्धी तिथली झाल्यास विद्यापीठ ती मान्य करील याचा भरवसा नसतो. मालिका ज्या पद्धतीत सुरू केली त्याच पद्धतीत संपवावी.

टॅग, म्हणजे प्रवेशाची हमी, यूसीचे सहा कॅम्पस देतात: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. अर्ज सप्टेंबरमध्ये आणि एकाच कॅम्पसला करता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत, आणि जिथे टॅग आहे तिथेही शाखेनुसार अटी बदलतात, म्हणून अभियांत्रिकीवाल्यांनी आपली शाखा त्यात बसते का हे आधी पाहावे. जानेवारीत फॉलच्या श्रेणी आणि स्प्रिंगचे बदललेले विषय कळवण्यासाठी ट्रान्स्फर ॲकॅडेमिक अपडेट भरावे लागते. माझा एक नियोजित विषय रद्द झाला होता, तो मी तिथेच नोंदवला आणि बदली विषयही लिहिला.

प्रवेश मिळाला तोही सशर्त असतो. अंतिम गुणपत्रिका १ जुलैपर्यंत पोहोचवायच्या असतात आणि त्या प्रत्येक कॉलेजच्या हव्यात. ज्या कॉलेजात फक्त एका उन्हाळ्यात एकच विषय केला, तेही यातून सुटत नाही. त्या कॉलेजची गुणपत्रिका मी मुदतीच्या बऱ्याच आधी मागवली आणि ती विद्यापीठाच्या पोर्टलवर जमा दिसेपर्यंत रोज पाहत राहिले.