धेंपो म्हणजे कॉलेज?

म्हापशात ड्युलर स्टेडियमबाहेर, एफसी गोवाच्या केशरी जर्सीतला एक पोरगा शेजारच्या काकांना विचारत होता, "धेंपो म्हणजे ते मिरामारचं कॉलेज ना?"

काका हसले. "ते धेंपे रे बाबा! धेंपो म्हणजे आपला फुटबॉल क्लब."

बारीकसा प्रश्न, पण डोक्यातून जाईना. 2006-07 ते 2012-13, सलग सात हंगाम देशाच्या सर्वोच्च फुटबॉल लीगचं (पुढे तिचंच नाव आय-लीग) विजेतेपद गोव्यातच राहिलं. धेंपो चारदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. तेव्हा देशाचा विजेता कोण, हा प्रश्न बऱ्याचदा मडगाव-पणजीतच सुटायचा.

मग आयएसएल (इंडियन सुपर लीग) या नव्या लीगला आय-लीगच्या वरची पायरी द्यायचा आराखडा आला. आय-लीग जिंकूनही वर जाता येणार नसेल तर खर्च कशाला? 2016 मध्ये धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग, तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. उरली गोवा प्रोफेशनल लीग. तिथं चुरस भरपूर, टीव्हीवर मात्र फारसं कोणी दाखवत नाही.

आयएसएलमधल्या एफसी गोवाचा राग नाही हं. एएफसी चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे आशियातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या, गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब तोच, 2021 मध्ये.

धेंपो खालच्या पायऱ्या चढत 2024 ला आय-लीगमध्ये परतलासुद्धा. त्या पोराला हे कोणी सांगितलं असेल का?