शून्य, आणि त्याच्या मागे माझा ऑप्शन

एक लाल रेघ. '_नेक्स्ट'च्या खाली. ईएसलिंटची, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या लिंटरची. दिवस तिच्यात गेला.

एक्सप्रेस हे वेब फ्रेमवर्क एरर हाताळणारं फंक्शन ओळखतं ते त्याची चार आर्ग्युमेंट मोजून, म्हणून चौथं वापरात नसलं तरी काढता येत नाही. अंडरस्कोर लावला तो त्यासाठीच. आणि अंडरस्कोरवाली नावं सोडून द्यायची, हे लिंटरच्या कॉन्फिगमध्ये माझ्याच हातचं आहे: नो-अनयूज्ड-व्हार्स हा न वापरलेली नावं पकडणारा रूल, 'एरर'वर, आणि सूट देणारा ऑप्शन आर्ग्ज-इग्नोर-पॅटर्न. तरी रेघ.

रेघेचं एवढं काही नाही. स्पष्ट लिहून ठेवलेलं कोणी जुमानत नाही, ते लागलं. परवाच्या मीटिंगमध्येही... असो.

आधी एडिटरवर संशय घेतला. त्याची वर्किंग डिरेक्टरी वेगळी असली की तो भलताच कॉन्फिग उचलतो. पण टर्मिनलमध्येही तीच एरर. मग एखाद्या फाईलला शेवटी कोणते रूल लागतात ते छापणाऱ्या प्रिंट-कॉन्फिगला या फाईलचा पाथ दिला. लांबलचक जेसन आलं, त्यात माझा रूल: शून्य, आणि त्याला चिकटून माझा ऑप्शन, जसाच्या तसा. म्हणजे वाचलं होतं! वाचून बंद केलं होतं. हे जास्त झोंबलं.

बंद कोणी केलं, ते प्रिंट-कॉन्फिग सांगत नाही. ते फक्त शेवटचा निकाल छापतं. ईएसलिंट ९ मध्ये त्यासाठी इन्स्पेक्ट-कॉन्फिग आहे. ब्राउझरमध्ये कॉन्फिगचे सगळे तुकडे, म्हणजे ऑब्जेक्ट, क्रमाने दिसतात, फाईलचं नाव टाकलं की तिला लागू होणारेच उरतात. माझा ऑब्जेक्ट वर, बिननावाचा. त्याच्या खाली टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट या प्लगइनच्या रेकमेंडेड या तयार संचातले तीन, नावांसकट. तिसऱ्याने मूळ नो-अनयूज्ड-व्हार्स 'ऑफ' केलाय आणि त्याच नावाचा आपला जुळा भाऊ 'एरर'वर ठेवलाय. फ्लॅट कॉन्फिगमध्ये, म्हणजे ईएसलिंटच्या या नव्या पद्धतीत, मागून येणाऱ्याचं चालतं. त्याने नुसती सिव्हिरिटी, म्हणजे 'ऑफ', दिली, म्हणून माझा ऑप्शन शाबूत राहिला, शून्याच्या मागे बसून. त्याने स्वतःचे ऑप्शन दिले असते, तर माझा अख्खा पुसला गेला असता. ऑप्शन एकमेकांत मिसळत नाहीत.

म्हणजे डावललं वगैरे कोणी नव्हतं. मी आधी बोललो, तेही चुकीच्या भावाशी. एररच्या ओळीच्या शेवटी जुळ्याचं पूर्ण नाव, अॅट-टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंट या उपसर्गासकट, सकाळपासून छापून येत होतं. उपसर्ग कोण वाचतो!

ईएसलिंटआरसी या जुन्या कॉन्फिग पद्धतीच्या काळात रूट ट्रू लावायचं राहिलं, की वरवरच्या फोल्डरमधले कॉन्फिगही येऊन मिसळायचे. तेव्हा निदान दोष दुसऱ्या फोल्डरवर ढकलता यायचा. आता एकच फाईल, एकच अॅरे, आणि क्रम लावणारा मीच.

माझा ऑब्जेक्ट रेकमेंडेड आत ओतणाऱ्या स्प्रेडच्या ओळीखाली नेला. रूलचं नाव उपसर्गासकट लिहिलं. ऑब्जेक्टलाही नाव दिलं, म्हणजे पुढच्या वेळी इन्स्पेक्टरमध्ये निनावी दिसायला नको. एरर मुळातूनच गेली.

लगेच त्याच ओळीच्या वर पिवळी वॉर्निंग उगवली. दुपारी वैतागून रेघ झाकायला टाकलेली डिसेबल-नेक्स्ट-लाइन ही कॉमेंट. तिला गप्प करायला आता काही उरलेलं नाही, असं लिंटरचं म्हणणं. ९ मध्ये हे न सांगता चालू असतं. फिक्स मारला, तीही गेली.