पिशवीतल्या मातीने केलेला घोळ

कांद्यामागे गहू घ्यायचा होता. कांद्याला युरिया सढळ हाताने दिला होता, आणि कांद्याची मुळं वरच्या फूटभरातच खेळतात. पाण्याबरोबर खाली उतरलेला नत्र त्याच्या हाती लागत नाही. गव्हाची मुळं मात्र मीटरभर, त्याहूनही खोल जातात. कांद्याचं बेवड, म्हणजे कांदा काढून मोकळं झालेलं रान, गव्हाला चांगलं, हे ठाऊक होतं. किती चांगलं, म्हणजे जमिनीत किती नत्र शिल्लक आहे, ते मला किलोत हवं होतं.

गिरमिटाने 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थर काढले आणि पिशव्या त्याच दुपारी प्रयोगशाळेत पोचवल्या.

तिथे त्या नऊ दिवस पडून राहिल्या. पाचव्या दिवशी चौकशीला गेलो, तर माझ्या पिशव्या फळीवर तशाच, तोंड बांधलेल्या, आतून प्लास्टिकला पाण्याचे थेंब. पोटात गोळा आला. ओली माती उबेत राहिली की जिवाणू काम थांबवत नाहीत. सेंद्रिय नत्राचं नायट्रेट, म्हणजे पिकाला थेट उचलता येणारं रूप, करत राहतात. फारच चिकचिकीत झाली, हवा कोंडली, तर उलट नायट्रेट उडूनही जातं. दोन्हीकडून आकडा खोटाच. मी म्हटलं, "साहेब, निदान पसरून वाळवा तरी." उत्तर आलं, "नंबर लागला की होईल."

वरच्या थराचा अहवाल आला 19 पीपीएम (दहा लाख भागांत 19 भाग) नायट्रेट-नत्र, म्हणजे नायट्रेटमधला नुसता नत्र. 30 सेंटिमीटरच्या थरात 1 पीपीएम म्हणजे हेक्टरी साधारण 4 किलो, म्हणजे 76 किलो. विश्वास बसेना. पुन्हा नमुने काढले, त्याच दिवशी सावलीत पातळ पसरून पंख्याखाली वाळवले आणि दुसरीकडे दिले. आकडा आला 11, म्हणजे 44 किलो. फरक 32 किलो नत्राचा, युरियात धरला तर सुमारे 70 किलो. पहिल्या कागदावर विसंबून तेवढं खत कापलं असतं तर गहू फुटव्यातच पिवळा पडला असता. हा राग अजून गेलेला नाही.

वाळवणं जमणार नसेल तर नमुना बर्फाच्या डब्यात न्या. आणि अहवालात नायट्रेट लिहिलंय की नायट्रेट-नत्र, ते विचारून घ्या. नुसतं नायट्रेट असेल तर 4.43 ने भागावं लागतं. नमुना पेरणीच्या तोंडावरच काढा, मध्ये मोठा पाऊस झाला तर नायट्रेट आणखी खाली जातं, मातीचे कण त्याला धरून ठेवत नाहीत.

हरभरा घे, असंही सुचवलं गेलं होतं. पण रानात तयार नायट्रेट असलं की हरभऱ्याच्या मुळांवर गाठी कमी धरतात. शिल्लक उचलायला गहूच बरा.

मधल्या थरातही 9 पीपीएम निघाले होते. म्हणून पेरणीचा नत्राचा हप्ता निम्मा केला, दुसरा मात्र पान बघूनच द्यायचा ठरवला. गहू पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या आधीच्या अवस्थेत, येईपर्यंत पान हिरवंगार राहिलं.