हरिपूरचं पेव, गावभागातला गाळ

फेब्रुवारीत सांगलीला जायचं तर एसटीनं जावं. स्वतःच्या गाडीत काचा चढवून एसी लावला की पेठ नाक्यापासून पुढची निम्मी मजा गेलीच म्हणून समजा. उसाच्या ट्रॉल्यांमागून बस रांगत असते, खिडकी धड बंद होत नसते, आणि आष्ट्याच्या आसपास कुठंतरी शिवारात हळद शिजत असते, तिचा वास आत येतो. उग्र, मातकट. डब्यातल्या हळदीशी त्याचं नातं आहे हे सांगूनही पटणार नाही.

2023 मध्ये बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, तेव्हापासून या बसमध्ये पुरुष अंग चोरून बसतात. माझ्या शेजारच्या मावशींनी बसल्याबसल्याच विचारलं, "कुठं निघालासा?" आष्टा येईपर्यंत त्यांना सगळं कळलेलं होतं. सांगलीच्या जुन्या वस्तीत, गावभागात, आत्याचं घर आहे, घर खरं तर आजोबांचं, बाबा आणि काका त्यावरून आयुष्यभर बोलले नाहीत, आता दोघंही नाहीत, आणि अबोला तेवढा आम्हा चुलत भावंडांकडं वारशानं आलाय. मावशींनी बटव्यातून सुपारी काढली आणि निकाल दिला, "घर ऱ्हातंय, माणसं जात्यात." मग त्या उतरल्या. पुढं काय झालं हे त्यांना कधीच कळणार नाही याचं मला उगाचच वाईट वाटलं.

आत्याचा निरोप असा होता: माळ्यावरची आजोबांची ट्रंक उतरवायची आहे, मी एकटी उघडणार नाही, तू ये.

इथं एक कबुली देऊन टाकते. 'प्रवासानं मला काय शिकवलं' छापाचं लिखाण मी वाचत नाही. डोंगरावर उभं राहून लोकांना जे सुचतं ते घरी चहा गाळतानाही सुचू शकतं. प्रवासात शिकवतात ती त्या गावची माणसं, आणि तीही शिकवायला म्हणून बसलेली नसतात. त्यांचं काम चाललेलं असतं, आपण मधे जाऊन उभे राहतो.

आत्याचं घर नदीपासून फार लांब नाही. संध्याकाळी आम्ही आयर्विन पुलापर्यंत चालत गेलो. हा पूल 1929 चा, तेव्हाच्या व्हाइसरॉयच्या नावाचा, आणि सांगलीकरांसाठी तो पुलापेक्षा मोजपट्टी जास्त आहे. पावसाळ्यात इथं कुणी 'नदीला पाणी किती आलंय' असं विचारत नाही. 'आयर्विनला किती?' एवढंच. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्या वर गेलं होतं. एरवी सासूला वेळेवर औषध द्यायचं विसरणारा माणूसही कोयना धरणातून किती क्युसेक सोडलंय आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी काय आहे हे तोंडपाठ सांगतो, आणि पुराचा दोष कुणाचा यावर कट्ट्याकट्ट्यावर दोन तट पडतात. फेब्रुवारीत मात्र कृष्णा खाली, लांब, अगदी गरीब दिसत होती. घाटावर मुलं क्रिकेट खेळत होती.

मला वाटलं होतं आत्याच्या घरात भिंतीवर पुराच्या रेघा असतील, 2005, 2019, 2021 अशा. बऱ्याच घरांत असतात. तिनं मात्र रंगाऱ्याकडून सगळ्या पुसून घेतल्या आहेत. "काय करायच्यात? पाणी आलं की ते स्वतःच दाखवतं कुठवर यायचंय ते."

तिच्याकडं त्याऐवजी एक क्रम आहे. 40 च्या पुढं आकडा सरकला की पहिल्यांदा काय उचलायचं? मी म्हटलं, कागदपत्रं, दागिने. ती हसली. पहिलं प्यायचं पाणी भरायचं, हंडे, कळशा, बाटल्या, मिळेल ते. सगळीकडं पाणी आणि घोटभर प्यायला नाही, हे तिनं पाहिलंय. मग काडेपेटी आणि मेणबत्त्या कोरड्या डब्यात. मग औषधं. ट्रंक सगळ्यात शेवटी, कारण ती आधीच माळ्यावर आहे. "कागद वर ठेवायचे ते पूर यायच्या आधी. पूर आल्यावर कागद उचलणारा माणूस जिन्यावरच अडकतो."

पण खरं बोलली ती पाणी उतरण्याबद्दल. चढतं पाणी बघायला अख्खं गाव पुलावर जमतं, फोटो काढतं. उतरतं पाणी कुणी बघत नाही, आणि घर वाचवायचं असेल तर नजर तिथंच ठेवायला लागते. 2019 ला ती सांगलीतच, विश्रामबाग भागात नातलगांकडं होती. घरात अजून गुडघाभर पाणी होतं तेव्हाच ती परत आली, सगळे नको म्हणत असताना. खराटा घेतला, त्याच पाण्यात तळाचा गाळ ढवळला आणि पाण्याबरोबर दाराबाहेर लोटत राहिली. पाणी इंचाइंचानं खाली जात होतं, ती त्याच्या मागं मागं सरकत होती. नळाला पाणी नसतंच त्या दिवसांत, तेव्हा धुवायला तेच पाणी. शेजारच्यांनी घर पूर्ण मोकळं व्हायची वाट बघितली. तोवर ऊन पडलं. गाळ आधी चिकट झाला, मग कडक, आणि शेवटी फावड्यानं खरवडताना फरशा फुटल्या. "घाण असतानाच घाणीत हात घालायचा," आत्या म्हणाली. "वाळल्यावर ती घाण राहत नाही, घर होते."

मी मनात लगेच ट्रंक, काका, चुलतभाऊ असं सगळं त्यात बसवून टाकलं. आत्या मात्र म्हणाली, ट्रंक उद्या दुपारी. सकाळी हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन ये.

हरिपूर चार-पाच किलोमीटरवर. वाटेत बागेतला गणपती, जुनी मोठी झाडं. गाव नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं, पण मला तिथं नेलं ते पेवांनी. कृष्णा आणि वारणा जिथं भेटतात तिथं देऊळ, आणि गावच्या जमिनीखाली हळदीची पेवं. पेव म्हणजे वीस-पंचवीस फूट खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच, आत मात्र रांजणासारखा फुगलेला. इथल्या मातीत पाणी झिरपत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं आत राहायची. सांगलीच्या पेठेत देशभरातून हळद यायची, ती ठेवायला या गावाची जमीनच कोठार झाली होती. 2005 च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि धंद्याचं कंबरडं मोडलं. आता माल शीतगृहात आणि गोदामांत जातो. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तोवर बरीच पेवं ओस पडली होती. मी पाहिलं त्याच्या तोंडाशी गवत माजलं होतं आणि कडेला एक म्हातारे गृहस्थ शेळी धरून उभे होते. तरुणपणी त्यांनी पेवं भरली आणि उपसली होती.

त्यांना मी विचारलं, एवढी वर्षं हळदीला कीड कशी लागायची नाही?

"हवाच न्हाई तर किडा जगंल कसा?"

तळाला आणि कडेनं पाचट वगैरे घालून हळद भरायची, वर तोंड बंद करून माती लिंपायची. आत असलेला प्राणवायू हळूहळू संपतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, तो जड, खालीच बसून राहतो. किडा मरतो, हळद टिकते. आणि हाच वायू पेव उघडून घाईनं आत उतरणाऱ्या हमालालाही मारतो. ज्यानं माल राखला तेच माणसाच्या जिवावर उठतं.

"मग उतरायचा कसं?"

"झाकण काढलं की लगीच उतरायचं न्हाई. थांबायचं. मग कंदील पेटवून दोरीनं खाली सोडायचा. इझला की वर वढायचा. परत थांबायचं."

"किती वेळ थांबायचं?"

"ते कंदील सांगंल की. आमी कोण ठरवनार?" मग शेळीची दोरी हातावर गुंडाळत ते म्हणाले, "वर शेठ घड्याळ बघत हुबा. बाजारात भाव चढल्याला असायचा, त्येला घाई. पर उतरनार आमी. मंग घाई कुनाची चालनार?"

संगमावर मी बराच वेळ बसले, पण देवदर्शन नावालाच झालं. डोक्यात भलताच पेच पडला होता. आत्याचं म्हणणं, थांबू नकोस, गाळ ओला आहे तोवर काढ. या आजोबांचं म्हणणं, थांब, उघडल्या उघडल्या उतरू नकोस. दोन्ही म्हणणी अनुभवातून आलेली, दोन्ही खरी, आणि एकमेकांच्या बरोबर उलट. अशा वेळी सुविचार लिहिणारे लोक काय करतात कोण जाणे. बहुधा एक सोमवारी लिहितात आणि दुसरा गुरुवारी.

दुपारी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास, विजेची जुनी बिलं, कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, आणि आंतर्देशीय पत्रांचा एक गठ्ठा. वरचंच पत्र बाबांचं, आजोबांना लिहिलेलं. काकांबद्दल त्यात दोन वाक्यं अशी होती की माझे कान तापले. बाबा असं लिहू शकतात हे मला माहीत नव्हतं. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, याचा फोटो काढून दादाला, म्हणजे काकांच्या मुलाला, पाठवावा, म्हणजे निदान त्याला कळेल की आमच्याही बाजूनं लपवाछपवी नाही. फोन हातात होता.

आत्या स्वयंपाकघरातून वांगी भाजता भाजता म्हणाली, "लगेच काही करू नकोस. झाकण उघडंच राहू दे. वारा लागू दे जरा."

तिनं हरिपूरचं काही ऐकलेलं नव्हतं. की सांगलीत सगळ्यांनाच हे ठाऊक असतं?

कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, भाकरी, वर दही. जेवताना मी तिला पेच सांगितला. ती म्हणाली, "पत्रं चाळीस वर्षांची आहेत गं. त्यांना आणखी महिनाभर काही होत नाही. पण घरावर अजून वारसांची नावं लागलेली नाहीत, त्याला आणखी महिना घालवू नका. तुमच्या बापांनी तेच केलं." म्हणजे दोन गोष्टी होत्या ट्रंकेत, आणि मी त्यांची एकच मोट बांधत होते. पत्रं हे पेव होतं. वारसनोंद हा गाळ होता, दोन्ही भाऊ गेल्यावर मागं राहिलेला, अजून ओला असलेला. उशीर झाला असता तर पुढच्या पिढीनं तो फावड्यानं खरवडला असता. एकाच घरात कुठला पदार्थ कुठला हे ओळखायला आत्याला अर्धा मिनिट लागलं. मला प्रवास करून यावं लागलं.

रात्री दादाला फोन केला. आधी दोघंही हवापाण्याचं बोललो. मग मी सरळ मृत्यूचे दाखले, मिळकत पत्रिका, नगर भूमापन कार्यालय यांवर आले. बाबा, काका, कोण काय बोललं होतं, यातलं काही काढलं नाही. तो थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, "परसातली जागा आमची आहे, हे आधीच सांगून ठेवतो. नारळ बाबांनी लावलेत." मी म्हटलं, नारळाचं नंतर बोलू, आधी नावं लावून घेऊ. त्यानं आत्याला भरीत ठेवायला सांगितलं, यावरून येणार हे कळलं.

तो मंगळवारी आला, इचलकरंजीहून, सोबत आत्यासाठी भडंगाचा पुडा. सांगलीत भडंग घेऊन येणाऱ्या माणसाला काय म्हणावं, असं म्हणत आत्यानं तो लगेच फोडला आणि वर कांदा चिरून घातला. अर्ज दोघांच्या सह्यांनी गेला. एक दाखला कमी निघाला, तो नंतर जोडायचा ठरलं. परसाकडं जाऊन त्यानं नारळ मोजले, मी मोजू दिले.

पत्रांचं मी त्याला सांगितलंय, दाखवलेली नाहीत. त्यानंही मागितलेली नाहीत. होळीला दोघंही परत जाणार आहोत, तेव्हा बघू.